विश्लेषण : अॅस्कॉट जिंकणाऱ्या आयरिश घोडीच्या वडिलांचे नाव ‘सयाजीराव’ कसे?

इंग्लंडमधील अॅस्कॉटच्या मैदानावर जून १९५८ मध्ये गोल्ड कप ही मानाची शर्यत झाली. ती जिंकली ग्लॅडनेस या पाच वर्षांच्या घोडीने. घोडी आयर्लंडमध्ये तयार झालेली, मालक अमेरिकेतला बांधकाम व्यावसायिक, पाठीवर इंग्रज जॉकी. आणि शर्यतीच्या छापील पत्रकात प्रत्येक घोड्याच्या नावासोबत आईवडिलांची नावे देतात, तिथे तिच्या वडिलांचे नाव होते, सयाजीराव.

हे नाव कुठल्या योगायोगाने तिथे गेले नव्हते. बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या पैशाने विकत घेतलेल्या आणि महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचे नाव दिलेल्या घोड्याची ती मुलगी. ज्या महाराजांनी तो घोडा घेतला, त्यांची गादी १९५१ मध्येच गेली होती. बडोदा संस्थानही उरले नव्हते. नाव मात्र धावत होते.

कोकणात शर्यत म्हटली की बैलगाडीची. भातशेती, चढउतार आणि पावसाचा हा मुलूख घोड्यांचा कधीच नव्हता. तरी सिंधुदुर्गातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्यांना महालक्ष्मीचे रेसकोर्स माहीत आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांपासून ते फार लांब नाही. ‘रेस’ हा शब्द अनेक घरांत भांडणाचे कारण म्हणूनच आला. त्यामुळे घोड्यांच्या शर्यतीची जुगारापलीकडची बाजू, म्हणजे पैदास, वंशावळ आणि एका घोडीची संपूर्ण कारकीर्द, आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ग्लॅडनेसची गोष्ट त्या बाजूची आहे.

ग्लॅडनेस कोण होती?

तिचा जन्म १९५३ चा. पैदास करणारे सिडनी मॅकग्रेगर. त्यांनीच पैदास केलेल्या एका घोड्याने १९३२ मध्ये इंग्लंडची डर्बी जिंकली होती. त्याचे नाव एप्रिल द फिफ्थ. त्याची मुलगी ब्राइट लेडी ही ग्लॅडनेसची आई. म्हणजे आईकडून आजोबा डर्बी विजेता आणि वडील सेंट लेजर विजेता. जन्माच्या वेळी कागदावर यापेक्षा जास्त काही मागायचे नसते.

तिचे मालक जॉन मॅकशेन हे फिलाडेल्फियाचे ठेकेदार. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पेंटॅगॉन ही इमारत आणि वॉशिंग्टनमधील जेफरसन स्मारक ही त्यांच्या कंपनीची कामे. व्हाइट हाउस आतून पूर्ण पाडून पुन्हा उभारले गेले, ते कामही त्यांचेच. घराणे मूळचे आयरिश, म्हणून घोडे त्यांनी आयर्लंडमध्ये ठेवले.

आणि ट्रेनर होते व्हिन्सेंट ओब्रायन. अडथळ्यांवरून उड्या मारत धावायची ग्रँड नॅशनल ही शर्यत त्यांच्या घोड्यांनी १९५३, १९५४ आणि १९५५ अशी सलग तीन वर्षे जिंकली. मग त्यांनी त्या प्रकारातून लक्ष काढून सपाट मैदानावरच्या शर्यतींकडे वळवले. टिपररी परगण्यातील बॅलीडॉइल येथील त्यांचे प्रशिक्षण केंद्र आज जगप्रसिद्ध आहे. ग्लॅडनेस तिथे आली तेव्हा ते नुकते उभे राहत होते.

सपाट मैदानावरचे बहुतेक घोडे तिसऱ्या वर्षी नाव कमावतात. इंग्लंडमधील पाचही ‘क्लासिक’ शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच असतात आणि चांगली घोडी त्यानंतर लगेच पैदाशीसाठी काढून घेतली जाते. ग्लॅडनेसच्या नावावर एकही क्लासिक नाही. तिचे सर्वांत मोठे यश पाचव्या वर्षी आले. मालकाने घाई केली असती, तर आज तिचे नाव कोणाला माहीत नसते.

१९५८ चा उन्हाळा

त्या वर्षी ग्लॅडनेसने साधारण दोन महिन्यांत तीन मोठ्या शर्यती जिंकल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रकारे अवघड होत्या.

पहिली गोल्ड कप. १८०७ मध्ये सुरू झालेली ही शर्यत अडीच मैलांची, म्हणजे सुमारे चार किलोमीटरची. मालवणसमोरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची लांबी साधारण तीन किलोमीटर भरते. तो सगळा तट फिरून वर आणखी एक किलोमीटर, एवढे अंतर घोड्याला पाठीवर माणूस घेऊन पळायचे. वेग सुरुवातीलाच खर्च केला, तर शेवटच्या सरळ पट्ट्यात काही उरत नाही. मागे राहून जपून पळाले, तर अंतर भरून निघत नाही. एवढ्या लांबच्या शर्यतीत नरांना दमवणारी घोडी क्वचित निघते. ग्लॅडनेसवर त्या दिवशी लेस्टर पिगॉट होता, वय बावीस.

पिगॉट आणि ओब्रायन ही जोडी पुढे रेसिंगच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी जोड्यांपैकी एक ठरली. सर आयव्हर १९६८, निजिन्स्की १९७०, रॉबर्टो १९७२ आणि द मिन्स्ट्रेल १९७७ अशा चार डर्बी त्यांनी मिळून जिंकल्या. त्या जोडीचे पहिले मोठे यश म्हणजे ही गोल्ड कप.

दुसरी गुडवुड कप. तेव्हा तिचे अंतर गोल्ड कपपेक्षाही किंचित जास्त, दोन मैल पाच फर्लांग होते. तीही ग्लॅडनेसने जिंकली.

तिसरी ऑगस्टमध्ये यॉर्कला, ईबॉर हँडिकॅप. हिचे अंतर कमी, पावणेदोन मैल. पण तिन्हींत हीच सर्वांत अवघड होती असे म्हणायला जागा आहे, आणि त्याचे कारण ‘हँडिकॅप’ या शब्दात आहे.

हँडिकॅप शर्यतीत घोडा जितका चांगला, तितके त्याच्या पाठीवर जास्त वजन लादतात. कॅरममध्ये पट्टीच्या खेळाडूने समोरच्याला आधीच पाच-सात गुण देऊन डाव सुरू करावा, तसा हा प्रकार. सगळे घोडे एकाच वेळी शेवटच्या खांबाशी यावेत, असा वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रयत्न असतो. ग्लॅडनेसच्या वाट्याला जॉकी आणि खोगिरासह ९ स्टोन ७ पौंड, म्हणजे सुमारे ६० किलो वजन आले. नुकतीच गोल्ड कप आणि गुडवुड कप जिंकलेल्या घोडीला दुसरे काय मिळणार? तिच्याहून कितीतरी हलके ओझे घेतलेले घोडे समोर होते. तरी ती जिंकली. रेसिंगच्या जाणकारांत तिच्या नावाला आजही जो मान आहे, तो गोल्ड कपइतकाच या ईबॉरमुळे आहे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच तबेल्यात, त्याच मालकाचा बॅलीमॉस हा घोडाही भरात होता. कॉरोनेशन कप, इक्लिप्स, किंग जॉर्ज आणि पॅरिसची आर्क द ट्रायम्फ या चार मोठ्या शर्यती त्याने १९५८ मध्ये जिंकल्या. वर्तमानपत्रांचे मथळे बहुतेक त्याला मिळाले. घोडीच्या वाट्याला जरा कमी आले, असे म्हणावे लागते.

पुढच्या वर्षी, वयाच्या सहाव्या वर्षी, ग्लॅडनेस किंग जॉर्ज शर्यतीत धावली. हे अंतर दीड मैलाचे, तिच्या सोयीपेक्षा बरेच आखूड. तिथे फक्त अल्साइड हा घोडा तिच्या पुढे गेला. दुसरा क्रमांक. त्यानंतर ती पैदाशीसाठी परतली.

आता नावाकडे. सयाजीराव कोण?

खरे सयाजीराव सर्वांना माहीत आहेत. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळ हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. फेब्रुवारी १९३९ मध्ये सयाजीरावांचे निधन झाले आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. तेव्हा ते तीस वर्षांचे होते.

नातवाला घोड्यांचा नाद होता, हे फार सौम्य शब्दांत सांगणे झाले. १९४३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली, ती त्यांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने जिंकली. भारतातील पहिली डर्बी जिंकणारीही घोडीच होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. (नंतरही हे घडत राहिले. २०१० ची इंडियन डर्बी जॅकलिन या घोडीची.) प्रिन्सेस ब्युटिफुलवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. महायुद्ध संपताच महाराजांनी मोर्चा इंग्लंडकडे वळवला आणि ब्रिटही तिकडे गेला.

१९४५ मध्ये इंग्लंडची डर्बी दांते या घोड्याने जिंकली. तो एक वर्षाचा असताना लिलावात त्याला मालकाने ठरवलेली किंमतही आली नव्हती, म्हणून घरीच ठेवला गेला होता. आता त्याच्या सख्ख्या भावाचा लिलाव होता. वडील तेच निअर्को, आई तीच रोझी लेजंड. शिंगरू एक वर्षाचे, मैदानावर एक पाऊलही न टाकलेले. त्या लिलावात प्रतापसिंहरावांच्या वतीने बोली गेली २८,००० गिनींपर्यंत. तोवर एक वर्षाच्या कुठल्याच घोड्याला एवढी किंमत आली नव्हती.

एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे २९,४०० पौंड. तेव्हाच्या दराने, रुपयाला दीड शिलिंग या हिशेबाने, सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये. आज हा आकडा मुंबईतल्या वन रूम किचनच्या अनामत रकमेसारखा वाटेल. म्हणून असे बघू : त्या काळी एखाद्या गिरणी कामगाराला महिना शंभर रुपये मिळतात असे धरले आणि त्याने एक पैही खर्च केली नाही, तर तेवढी रक्कम साठवायला त्याला सव्वातीनशे वर्षे लागली असती.

शिंगराला नाव दिले आजोबांचे.

१९४७ : महिनाभराचे अंतर

घोड्याची जबाबदारी फ्रेड आर्मस्ट्राँग या ट्रेनरकडे आली. सगळे त्यांना सॅम म्हणत. ते आधी यॉर्कशायरमध्ये होते. महाराजांसाठी ते न्यूमार्केटच्या वॉरेन प्लेस या तबेल्यात आले. वॉरेन प्लेसचे नाव पुढे फार मोठे झाले. आधी नोएल मर्लेस आणि नंतर हेन्री सेसिल तिथे होते आणि अलीकडच्या काळातला, एकही शर्यत न हरलेला फ्रँकेल तिथेच तयार झाला.

सयाजीराव तीन वर्षांचा झाला ते वर्ष होते १९४७. दिल्लीत फाळणीच्या आणि संस्थानांच्या वाटाघाटी चालू होत्या. इकडे वसंतात टू थाउजंड गिनीज शर्यतीत सयाजीराव तिसरा आला. ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने त्या दिवशी सगळ्यांचीच धूळधाण केली होती. मग डर्बी. तिथेही तिसरा. पहिला आला पर्ल डायव्हर, फ्रान्सहून आलेला, ज्याच्यावर फारसे कोणी पैसे लावले नव्हते. दुसरा आगाखानांचा मिगोली.

दोन वेळा तिसरा, आणि किंमत विक्रमी. टीका करायला एवढे पुरते. पण अंतर वाढले तसा सयाजीराव सुधारत गेला. त्याच उन्हाळ्यात त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली. सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला सेंट लेजर होती. १७७६ पासून चालत आलेली, पाच क्लासिकमधली सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सचा आरबार त्याच्या बरोबरीला आला. ब्रिटने सयाजीरावला एका डोक्याच्या अंतराने पुढे ठेवले. डोके म्हणजे शब्दशः घोड्याच्या डोक्याएवढे अंतर, त्याहून जास्त नाही. मिगोली तिसरा राहिला, म्हणजे डर्बीची परतफेडही झाली.

भारत स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ज्या ब्रिटनचे राज्य नुकतेच उठले, त्याच ब्रिटनची सर्वांत जुनी क्लासिक शर्यत एका मराठी राजाच्या घोड्याने मराठी नाव घेऊन जिंकली. दुसऱ्या वर्षी महाराजांच्या माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली, तीही त्या शर्यतीच्या विक्रमी वेळात. बाबू हे नाव मालवणी घराघरांत असते. न्यूमार्केटच्या मैदानावर इंग्रज निवेदकाच्या तोंडी ते कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करायला हरकत नाही.

पैसा कोणाचा होता?

हा प्रश्न टाळून या घोड्याचे कौतुक करता येत नाही.

संस्थानांत राजाचा खासगी पैसा आणि राज्याचा पैसा यांच्यातली रेघ अनेकदा पुसट असे. बडोद्यात सयाजीरावांनी ही रेघ बरीच स्पष्ट करत आणली होती. खासगी खर्चाची मर्यादा, हिशेब, अंदाजपत्रक, लेखी नियम. नातवाच्या काळात ती पुन्हा पुसली गेली. १९४३ मध्ये मद्रासच्या शर्यतींच्या वेळी त्यांची पिठापूरमच्या सीतादेवींशी भेट झाली आणि त्याच वर्षी दुसरे लग्न झाले. ज्या बडोद्यात एकपत्नीत्वाचा कायदा होता, त्याच बडोद्याच्या राजाचे हे दुसरे लग्न. पहिल्या पत्नी शांतादेवी कोल्हापूरकडच्या, हसूरच्या सरदार घराण्यातल्या.

१९४८ पर्यंत प्रकरण हाताबाहेर गेले. परदेशातला खर्च, राज्याच्या तिजोरीतून उचललेल्या रकमा यांवरून लोकप्रतिनिधींनी हिशेब मागितला. त्या वर्षी डॉ. जीवराज मेहता बडोद्याचे मुख्यमंत्री झाले. लेखापरीक्षण झाले, रकमा परत करण्याच्या गोष्टी झाल्या. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरण मान्य केल्यानंतर महाराजांनी ते आव्हान देण्याचा प्रयत्न केला आणि संस्थानिकांची संघटना उभी करू लागले. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची राजा म्हणून मान्यता काढून घेतली. थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गादीवर आले, तेच पुढे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. प्रतापसिंहरावांचा अंत १९६८ मध्ये लंडनमध्ये झाला.

त्यांना एका रंगात रंगवणे मात्र अन्यायाचे होईल. आजोबांचे नाव त्यांनी दोन ठिकाणी दिले. एक घोड्याला. दुसरे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाला. प्रजेच्या पैशाचा कुठला उपयोग बरा, यावर वाद होण्याचे कारण नाही. पण हेही खरे की ज्या शाळांसाठी आजोबांनी तिजोरी उघडली, त्याच तिजोरीची किल्ली नातवाच्या हाती होती, आणि ३ लाख ९२ हजारांचे शिंगरू ही त्या उधळपट्टीतली बहुधा एकमेव खरेदी, जिने किंमत वसूल केली.

घोडीचा हिशेब वेगळा का असतो?

किंमत वसूल झाली ती दोन मार्गांनी. एक, बक्षिसे. दुसरा मार्ग पैदाशीचा, आणि तिथे ग्लॅडनेससारख्या लेकींना महत्त्व येते.

शर्यतीच्या ‘थरोब्रेड’ जातीची लेखी वंशावळ इंग्लंडमध्ये १७९१ पासून ठेवली जाते. आजचा कुठलाही शर्यतीचा घोडा वडिलांच्या बाजूने मागे मागे जात तीन मूळ नरांपैकी एकावर येऊन थांबतो. तिघेही पूर्वेकडून इंग्लंडला नेलेले. आपल्याकडच्या बैलगाडी शर्यतीतल्या बैलाचे मोल त्याच्या चालीवर ठरते. त्याची तीनशे वर्षांची लेखी कुळकथा कोणी मागत नाही. इथे मात्र ती नसेल, तर घोड्याला मैदानावर उभेच करत नाहीत.

या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही. नियमच तसा आहे. तरी नराकडून एका हंगामात चाळीसेक घोड्या भरवता येत, आता तर शंभराच्या वर. घोडीला अकरा महिन्यांचा गर्भ आणि एका वेळी एकच शिंगरू. सगळ्या आयुष्यात दहा-बारा झाली तरी पुष्कळ. म्हणून विजेती घोडी सहाव्या वर्षापर्यंत पळवणे ही चैन समजली जाते. दर वर्षीच्या शर्यतीच्या बदल्यात मालक एक शिंगरू गमावत असतो. पाय मोडला तर सगळेच गेले. मॅकशेन यांनी ग्लॅडनेसला १९५९ पर्यंत पळवले ते हा धोका पत्करून.

सयाजीरावच्या बाबतीत मुलांपेक्षा मुलींनी नाव जास्त राखले. ग्लॅडनेसनंतर दोनच वर्षांनी, १९६० मध्ये, त्याची दुसरी मुलगी लिंक्रिस हिने आयरिश ओक्स, यॉर्कशायर ओक्स आणि आयरिश सेंट लेजर अशा तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षात जिंकल्या. मुलगेही अगदीच वाया गेले नाहीत. आय से याने १९६६ ची कॉरोनेशन कप जिंकली. आणि लांब पल्ल्याच्या या बापाला एक मुलगा असा झाला की ज्याने जूून १९६० मध्ये एप्सम येथे पाच फर्लांग, म्हणजे जवळपास एक किलोमीटर, ५३.६ सेकंदांत पार केले. सरासरी वेग ताशी ६७ किलोमीटरहून अधिक. तो त्या अंतराचा जागतिक विक्रम होता. एप्समचा तो पट्टा उताराचा आहे, हे त्यात धरायला हवे. त्या मुलाचे नाव होते इंडिजिनस, म्हणजे ‘देशी’.

ग्लॅडनेसला बॅलीमॉसपासून मुलगी झाली, मेरी मेट. मॅकशेन यांचे १९५८ चे दोन्ही विजेते तिचे आईवडील. तिने १९६६ मध्ये आयरिश ओक्स जिंकली. योगायोग असा की सयाजीराव मरण पावला तेही १९६६ मध्येच. मेरी मेटची वंशावळ पाहिली तर एक गोष्ट चटकन दिसते : वडिलांकडून पणजोबा निअर्को आणि आईकडूनही पणजोबा निअर्कोच. माणसांत जे चालत नाही, ते घोड्यांच्या पैदाशीत ठरवून, मोजून-मापून केले जाते. चांगला पूर्वज दोन्हीकडून यावा म्हणून. जास्त झाले तर घात होतो, म्हणून पिढ्यांचे अंतर सांभाळतात.

तीच रक्तरेषा जपानमध्ये

निअर्को हा इटलीचा घोडा. चौदा शर्यती पळाला, चौदाही जिंकला. १९३८ मध्ये त्याला ६० हजार पौंडांना इंग्लंडमध्ये आणले आणि युद्धात बॉम्ब पडू लागले, तेव्हा त्याच्यासाठी खास खंदक बांधून ठेवला. आज जगात शर्यतीचे जे घोडे पळतात, त्यांतल्या बहुतेकांच्या वंशावळीत तो कुठे ना कुठे सापडतो.

जपानचेच पाहा. तिथली गेल्या दशकातली सर्वांत गाजलेली घोडी आल्मंड आय. २०१८ मध्ये तिने घोड्यांसाठी नव्हे तर खास तीन वर्षांच्या घोड्यांच्या मादीवर्गासाठी असलेल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या आणि त्याच वर्षी खुल्या जपान कपमध्ये सगळ्यांना हरवून २ मिनिटे २०.६ सेकंद अशी विक्रमी वेळ दिली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ती शेवटची पळाली, पुन्हा जपान कपमध्ये. समोर त्या वर्षीचे दोन अपराजित तिहेरी विजेते होते, एक नर आणि एक मादी. तिने दोघांनाही मागे टाकले. एकूण १५ शर्यती, ११ विजय, त्यांतले नऊ सर्वोच्च दर्जाचे.

आल्मंड आयच्या आईचे वडील संडे सायलेन्स. हा अमेरिकेतला घोडा जपानने विकत घेतला आणि तिथल्या पैदाशीचे चित्रच पालटले. त्याच्या बापाकडून मागे गेलो तर हेलो, हेल टू रीझन, टर्न-टू, रॉयल चार्जर आणि मग निअर्को. म्हणजे बडोद्याचा सयाजीराव हा रॉयल चार्जरचा सावत्र भाऊ, आणि आल्मंड आयच्या आजोळच्या घराण्यातला लांबचा चुलत नातेवाईक. लग्नपत्रिका छापताना आपण जितकी नाती शोधतो, तेवढेच हे आहे.

फरक आहे तो पैशाच्या वाटेत. आल्मंड आयचे मालक म्हणजे एका माणसाची तिजोरी नव्हती. जपानमध्ये अशा घोड्यांचे वाटे शेकडो सभासदांना विकले जातात आणि ती अशाच एका क्लबच्या रंगात धावली. पगारदार माणूसही तिथे विजेत्या घोडीचा छोटासा वाटेकरी असू शकतो. १९४५ च्या लिलावात पैसे भरणाऱ्या बडोद्याच्या रयतेला मात्र आपण वाटेकरी आहोत, हे कोणी विचारले नव्हते.

आयर्लंडमधील करा या मैदानावर दर वर्षी वसंत ऋतूत ग्लॅडनेस स्टेक्स नावाची शर्यत होते. अंतर फक्त सात फर्लांग. जिच्या नावाने ती आहे, तिला एवढ्या अंतरात धाप लागायलाही सुरुवात झाली नसती.